परीक्षेसाठी राखून ठेवलेलं डोकं

माझं डोकं कुणाच्या उपयोगी पडेल असं आमच्या घरात आजवर कुणालाही वाटलेलं नव्हतं. त्यामुळे एका संध्याकाळी लेकीने माझ्या खुर्चीमागे उभं राहून माझे केस दोन बोटांत धरले, बराच वेळ निरखले आणि "बाबा, परीक्षेला मला तुमचं डोकं लागेल," असं जाहीर केलं, तेव्हा माझी छाती नाही म्हटलं तरी फुगली. मला वाटलं, गणित असेल.

गणित नव्हतं. लेक अकरावीला. चार मुली जातात तशी तीही वाणिज्य शाखेला जाईल असं मी गृहीत धरून चाललो होतो आणि तिने शाळेच्या नव्या व्यवसाय अभ्यासक्रमात नाव घातलं होतं. तिथे वायरिंग होतं, सुतारकाम होतं, रुग्णसेवा होती. आमच्या लेकीने केशकर्तन निवडलं. घरात बरेच दिवस अबोला चालला आणि मग तह झाला. तहाची अट माझी. प्रात्यक्षिक परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली, तर हे शिक्षण पुढे चालू. नाही झाली, तर पुढच्या वर्षी मुकाट्याने वाणिज्य. ही अट घालताना माझा आवाज फार करारी लागला होता, असं माझं मत आहे. हिचं, म्हणजे बायकोचं, मत वेगळं आहे, पण ते इथे देण्याचं कारण नाही.

सरावासाठी शाळेने एक रबरी मुंडकं दिलं होतं. ते आमच्या फ्रिजवर असायचं. सुरुवातीला त्याला कमरेपर्यंत केस होते. महिन्यागणिक ते कमी होत गेले आणि अखेर त्या बाईची अवस्था अशी झाली, की पाण्याची बाटली काढताना मी तिच्याकडे बघायचं टाळू लागलो. परीक्षेला मात्र रबर चालत नाही. जिवंत माणूस लागतो आणि तो उमेदवारानेच आणायचा असतो. केस कानांवर आलेले हवेत, मागे कॉलरला टेकलेले हवेत आणि मधल्या काळात त्यांना कुणाची कात्री लागलेली चालत नाही. वर्गातल्या बाकीच्यांचे वडील एकतर टकले होते किंवा ऐन वेळी कच खाणारे. "तुमच्यासारखं दाट डोकं कुणाच्याच घरी नाही," असं लेक म्हणाली. माणूस विरघळायला एवढं पुरतं. त्या दिवसापासून मी केस राखायला लागलो.

केस वाढवणं म्हणजे काहीच न करणं, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच महिन्यात धुळीला मिळाली. समोरच्या वहिनींनी जिन्यात मला थांबवून घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं. ठीक आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग खरं कारण कळल्यावर त्यांनी एक तेल आणून दिलं. त्याने केस दुप्पट वेगाने वाढतात म्हणे. केस होते त्याच वेगाने वाढले, पण उशीचे अभ्रे हिरवे झाले आणि त्याबद्दल मला घरात जे ऐकावं लागलं ते वहिनींना ऐकावं लागलं नाही.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांचे केस म्हणजे आमच्या इमारतीची शोभा. पांढरेशुभ्र, मागे वळवलेले, खांद्याला टेकायला आलेले. त्यांनी मला घरी बोलावून श्रमप्रतिष्ठेवर मोठं व्याख्यान दिलं. हाताने काम करणारी पिढी घडली पाहिजे, डोकं आणि हात यांची सांगड घातली पाहिजे, असं बरंच काही. माझं डोकं आणि लेकीचे हात यांची सांगड घालायला मी निघालोच होतो, त्यामुळे मला ते पटलं. निघताना त्यांनी पाठीवर थाप मारली. मला उगाचच समाजसुधारक झाल्यासारखं वाटलं.

ऑफिसात मात्र सुधारणेला वाव नाही. आमचे साहेब नीटनेटकेपणाबाबत भलतेच कडक. त्यांचा स्वतःचा भांग पट्टीने आखल्यासारखा असतो आणि वारा सुटला तरी हलत नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून माझ्या कानांकडे, म्हणजे कान असायच्या जागेकडे बघत, हे काय म्हणून विचारलं. मी मुलीच्या शिक्षणासाठी म्हणालो. मुलीच्या शिक्षणासाठी लोक कर्ज काढतात, केस वाढवत नाहीत, असं ते म्हणाले आणि शाळेचं लेखी पत्र आणायला सांगितलं.

शाळेच्या कार्यालयातला कारकून भला माणूस होता, पण त्याच्याकडे असल्या पत्राचा नमुना नव्हता. विद्यार्थी आजारी असल्याचा होता, विद्यार्थी हरवल्याचा होता, पालकाचे केस वाढल्याचा नव्हता. नमुन्याशिवाय पत्र देणं त्याच्या रक्तात नव्हतं. शेवटी त्याने कपाटातून शिवणयंत्रं आणि हातोड्या ज्या कागदाने वर्गांना देतात तो काढला आणि त्यात मला बसवलं. सदर गृहस्थांचे डोके (केसांसह) विद्यालयाच्या प्रात्यक्षिक साहित्यात समाविष्ट असून परीक्षेपर्यंत त्याची देखभाल संबंधितांनी करावी, असा मजकूर, खाली गोल शिक्का. आमच्या ऑफिसच्या भांडारपालाने तो कागद वाचला आणि बाहेरच्या संस्थेची वस्तू आपल्या इमारतीत रोज येते-जाते तर तिची नोंद हवी, असा मुद्दा काढला. माझं डोकं जडसंग्रह नोंदवहीत चढलं. माझ्या नोंदीच्या वर पंखा होता आणि खाली खुर्ची. खुर्चीपुढे 'दुरुस्तीयोग्य' असा शेरा होता, माझ्यापुढे तोही नव्हता.

हे सगळं मी सोसलं. खरी अडचण होती रेडिओची.

रेडिओ म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलून चालवणारा गृहस्थ. एकच खुर्ची, एकच आरसा आणि अखंड बोलणं. कात्री थांबते, पण तोंड थांबत नाही, म्हणून हे नाव. कित्येक वर्षं मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या खुर्चीत बसतो. तो "कसे कापू?" असं विचारतो, मी "नेहमीसारखे" म्हणतो आणि डोळे मिटतो. त्याच्या बोलण्यात आणि पाण्याच्या फवाऱ्यात अशी काही गुंगी आहे, की मानेवर पावडरचा ब्रश फिरेपर्यंत मला जाग येत नाही. एवढी शांत झोप मला घरीही लागत नाही. असा माणूस रविवारमागून रविवार चुकवायला लागल्यावर दुसऱ्याला काय वाटणार? रेडिओला वाटलं, मी दुसरं सलून धरलं. मला त्याच्यासमोरून जायची लाज वाटू लागली आणि मी मागच्या गल्लीतून वळसा घालून घरी यायला लागलो. मग तर त्याची खात्रीच पटली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मागची गल्ली खणून ठेवलेली होती. ऑफिसातून परतताना मी पुढूनच आलो. रेडिओ सलूनच्या पायरीवर एकटाच बसला होता. मला बघून तो उठला, काही न बोलता दार उघडून बाजूला उभा राहिला. रेडिओ काही बोलत नाही हे बघून मला गलबलून आलं. आता आत जावं, दोन मिनिटं बसावं, सगळा खुलासा करावा आणि परीक्षा झाली की येतो असं सांगावं, एवढाच माझा विचार होता.

मी आत गेलो. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून खुर्चीत बसलो. "त्याचं काय झालं," एवढे तीन शब्द मी बोललो आणि रेडिओ सुरू झाला. त्याच्याकडे माझ्या गैरहजेरीतलं सगळं साचलेलं होतं. मेव्हण्याचं भांडण, वीजबिल, कुणाची तरी मोडलेली सोयरीक. मी मध्ये शिरायला फट शोधत होतो. दिवसभर ऑफिसात आकडे जुळवून डोळे जड झाले होते. खुर्ची मागे कलली. गार पाण्याचा फवारा आला. कुणीतरी लांबून काहीतरी विचारलं, कुणीतरी त्याला उत्तर दिलं.

मानेवर ब्रश फिरला तेव्हा मी जागा झालो. आरशात मी होतो. आधीचा मी. दोन्ही कान स्वच्छ, मान मोकळी. रेडिओ मागे आरसा धरून उभा होता आणि त्याचे डोळे पाणावले होते. "आज जीव ओतून कापलेत, भाऊसाहेब," तो म्हणाला. "किती दिवसांनी नेहमीसारखे म्हणालात."

मी खाली बघितलं. लेकीचं सगळं वर्ष फरशीवर पडलं होतं.

घरी दार लेकीनेच उघडलं. कात्र्या, कंगवे, सगळं दुसऱ्या दिवसासाठी टेबलावर मांडून ती बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती ओरडेल, रडेल, म्हणून मी वाट बघत राहिलो. तिने तसं काही केलं नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, मुद्दाम केलंत?"

मी नाही म्हणालो. डोळा लागला म्हणालो. हे सांगताना माझं मलाच ते इतकं लंगडं वाटलं, की मी दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा ते जास्तच लंगडं झालं. ज्याने अट घातली, त्यानेच आदल्या संध्याकाळी जाऊन केस कापून यावेत आणि म्हणावं डोळा लागला. न्यायाधीशाच्या खुर्चीत मी असतो तरी मला सोडलं नसतं. लेक "बरं" म्हणाली आणि कंगवे पेटीत भरायला लागली. त्या "बरं"ने मी आतून पार ढासळलो. ही म्हणाली, "अहो, तोंड काय बघताय? डोकं शोधा."

मी डोकं शोधायला निघालो. आधी गुरुजींकडे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, श्रमप्रतिष्ठेवर पूर्वीइतकीच श्रद्धा असल्याचं सांगितलं, पण बोलता बोलता त्यांचे दोन्ही हात आपोआप स्वतःच्या केसांवर गेले आणि मी जाईपर्यंत तिथून खाली आले नाहीत. समोरच्या वहिनींचे यजमान राजी होते, मात्र त्यांच्या डोक्यावर कापण्याजोगं काही नव्हतं. मग मनाचा हिय्या करून मी साहेबांना फोन लावला. त्यांचे केस कानांवर नसले तरी मागे कॉलरला टेकायचे, परीक्षकांच्या हातापाया पडलो असतो. पलीकडे आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग साहेब अतिशय हळू आवाजात म्हणाले, की त्यांचे केस एकदा कापले तर पुन्हा येणारे नाहीत, आणि ही गोष्ट आपल्या दोघांतच राहावी. ती राहील. म्हणूनच आमचं ऑफिस कोणतं हे मी इथे लिहिलेलं नाही.

उरला होता फक्त राग, तो काढायला मी रेडिओकडे गेलो. तो शटर ओढायच्या बेतात होता. मला बघून तो तोंड उघडणार, इतक्यात मी म्हणालो, "एक अक्षर बोलू नका. आज माझं ऐका." इतक्या वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नसावं. तो ऐकत राहिला. मी सगळं सांगितलं. अट, नियम, रबरी मुंडकं, हिरवे अभ्रे आणि लेकीचं "बरं". सांगता सांगता माझा राग ओसरला. बोलून झाल्यावर मी वर बघितलं, तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष त्याच्या डोक्याकडे गेलं.

रेडिओचे केस कानांवर आलेले होते. मागे कॉलरच्या खाली उतरले होते. अख्ख्या गल्लीचे केस कापणाऱ्या या माणसाचे केस कोण कापतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. कुणीच कापत नव्हतं. दुसऱ्याच्या हातावर त्याचा विश्वास नव्हता. फारच झालं की तो दोन आरसे लावून स्वतःच कसंबसं निभावायचा.

त्याने मानेमागे हात नेऊन केस चाचपले. "उद्या कुठे यायचं?" त्याने विचारलं.

परीक्षा शाळेच्या लांबलचक खोलीत होती. भिंतीला आरसे, प्रत्येक आरशापुढे एक खुर्ची, प्रत्येक खुर्चीत एक जिवंत माणूस आणि प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर दंतवैद्याकडे असतो तसला भाव. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई हातात गुणपत्रक घेऊन फिरत होत्या. लेकीच्या खुर्चीपाशी त्या थांबल्या. ग्राहकाचा व्यवसाय या रकान्यात रेडिओने अभिमानाने 'सलून' लिहिलं होतं. आमच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी नियमावली काढली, दोनदा वाचली. ग्राहक कोण नसावा याबद्दल त्यात काही नव्हतं, पण ग्राहकाने उमेदवाराला मार्गदर्शन करू नये, हे होतं. त्या रेडिओला म्हणाल्या, की तिने विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं. त्यापलीकडे एक शब्द निघाला, तर तिला शून्य.

मी मागच्या बाकावर बसलो होतो. माझा धीर तिथेच सुटला. आमच्या लेकीचं भवितव्य रेडिओच्या गप्प बसण्यावर येऊन टेकलं होतं.

लेकीने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, आरशातून त्याच्याकडे बघितलं आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "कसे कापू, काका?"

रेडिओने तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. मला वाटलं, आता सुटतो हा. पण त्याच्याकडे उत्तरच नव्हतं. हा प्रश्न त्याने गल्लीतल्या एकूण एक माणसाला विचारला होता, त्याला मात्र तो आजवर कुणीही विचारला नव्हता. नेहमीसारखे म्हणावं तर त्याचं नेहमीचं असं काही नव्हतं. लेक थांबली. तिने घाई केली नाही. तिने कंगव्याने त्याचे केस आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवून दाखवले आणि पुन्हा आरशातून विचारलं. दुसऱ्या वेळेला त्याने हलकेच मान हलवली. "असे," तो म्हणाला. "पण कान दिसू देत."

त्यानंतर तो बोलला नाही. बोलण्याची उबळ आल्याचं मात्र मला दिसत होतं. कापडाखाली त्याचा उजवा हात लेकीच्या कात्रीबरोबर उघडत होता, मिटत होता. ती कानामागे वळली तेव्हा त्याच्या भुवया वर चढल्या. शेजारच्या खुर्चीमागचा मुलगा चुकून जास्त कापून बसला, त्या आवाजाने रेडिओने डोळे घट्ट मिटून घेतले. मी बाकाची कड धरून बसलो होतो. हळूहळू त्याच्या भुवया खाली आल्या. कापडाखालचा हात थांबला. डोकं किंचित मागे कललं आणि रेडिओ खुर्चीत झोपी गेला.

मानेवर ब्रश फिरला तेव्हाच तो जागा झाला. बाईंनी चारही बाजूंनी बघितलं, कानाशी पट्टी लावली, गुणपत्रकावर काहीतरी लिहिलं आणि ग्राहकाचं समाधान झालं का, असं विचारलं. रेडिओने आधी बोटाने स्वतःच्या ओठांकडे खूण केली. बोला आता, असं त्या म्हणाल्या.

"माझे कान वडिलांसारखे आहेत," रेडिओ म्हणाला. "हे मला माहीत नव्हतं."

लेक पास झाली. चांगली पास झाली. निकाल त्याच दुपारी फळ्यावर लागला आणि तो वाचल्यावर मी व्हरांड्यातल्या पायरीवर बसून घेतलं. आता वाणिज्य नाही, अट नाही, अबोला नाही. परतीच्या वाटेवर रेडिओने तासाभराचं सगळं साठवलेलं बाहेर काढलं. ती कंगवा कसा धरते, कुठे मनगट वळवते, काल मी खुर्चीत नेहमीसारखे म्हणालो तेव्हा त्याच्या डोळ्यांत कसं पाणी आलं, पुढच्या वर्षी शाळेला मुलांच्या सरावासाठी कामाच्या जागा लागतात म्हणे तर त्याच्या सलूनमध्ये दुसरी खुर्ची कुठे बसेल. कुणी त्याला अडवलं नाही. मी तर ते सगळं गाण्यासारखं ऐकत होतो.

एक गोष्ट मात्र राहिली होती. लेक माझ्याशी नीट बोलत होती, हसत होती, पण आदल्या संध्याकाळच्या प्रश्नाचं माझं उत्तर तिला पटलेलं नव्हतं, हे मला कळत होतं. 

घरी आल्यावर तिने मला खिडकीशी उभं केलं. "मागून वाकडे कापलेत काकांनी," ती म्हणाली. "डोळ्यांत पाणी होतं ना, त्यामुळे असेल. बसा, सरळ करून देते." मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो. तिने गळ्याभोवती चादर बांधली. फ्रिजवरून ती रबरी बाई बघत होती. दोन दिवसांचा ताण उतरत होता, ऊन पाठीवर येत होतं. मागून पाण्याचा फवारा आला. लांबून कुणीतरी काहीतरी विचारलं आणि कुणीतरी त्याला उत्तर दिलं.

मग एकदम मोठं हसू ऐकू आलं आणि मी दचकून जागा झालो. लेक हातात कात्री धरून खो-खो हसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आई, इकडे ये," ती ओरडली. "अगं, बाबा खरंच झोपले होते. आत्ता मला पण म्हणाले, नेहमीसारखे."